अँटिव्हायरस नंतर, आधी ईमेल आणि सिम: घरातले फोन-कॉम्प्युटर एका रविवारात कसे नीट करायचे

प्रत्येक घराण्यात कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळणारा एक जण असतो, आमच्याकडे तो मी, त्यामुळे "अँटिव्हायरस कुठला टाकू रे" हा प्रश्न मला लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्याच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. उत्तर लगेच देऊन टाकतो. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो, तो चालू ठेवा, घरच्या वापराला पुरतो, वेगळे पैसे घालायची गरज नाही.

पण माझ्याकडे जी प्रकरणं येतात ना, त्यात कोणी कॉम्प्युटर फोडून आत शिरलेलं जवळपास नसतंच. ओटीपी आपणच सांगितलेला असतो, ॲप आपणच टाकलेलं असतं, आधारची पीडीएफ आपणच झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर पाठवून विसरून गेलेलो असतो. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात विकत घ्यायचं काहीच नाही, सेटिंग आहेत आणि दोनचार सवयी आहेत, आणि क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका. वेळ कमी असेल तर पहिली तीन कामं करा आणि बाकीची पुढच्या रविवारी.

आधी ईमेल

बँक नाही, ईमेल. कारण "पासवर्ड विसरलात?" वर क्लिक केलं की फेसबुक असो, इन्स्टा असो, डीमॅट असो, नवीन पासवर्डची लिंक सगळी तिथेच येऊन पडते. ज्याच्या हातात तुमचं जीमेल त्याच्या हातात बाकी सगळं, आणि लोक नेमकं जीमेललाच दहा वर्षांपूर्वीचा, तोही कॉलेजच्या मित्राला माहीत असलेला पासवर्ड ठेवून बसलेले असतात.

गुगल अकाउंट उघडा, सिक्युरिटीत जा. तिथे तुमची डिव्हायसेस दिसतील, म्हणजे कुठल्या कुठल्या फोन-कॉम्प्युटरवर तुमचं अकाउंट चालू आहे ते. विकलेला जुना फोन, सोडलेल्या ऑफिसचा लॅपटॉप, भाच्याचा टॅब, जे ओळखीचं नाही किंवा आता आपलं नाही ते सगळं साइन आउट. मग रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा. इथे हमखास असा नंबर निघतो जो कधीच बंद झालाय. बंद झालेला नंबर 90 दिवसांनी कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते, म्हणजे तुमच्या जीमेलचा कोड उद्या लातूरच्या एखाद्या अनोळखी माणसाकडे जाणार, त्या बिचाऱ्याची काही चूक नसताना. नंबर बदलताना आपण बँकेत अर्ज देतो पण हे विसरतो.

त्यानंतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक खात्री मागितली जाते. मेसेजवर येणारा ओटीपी चालेल, पण जमत असेल तर ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड बनवणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनचं बोट-चेहऱ्याचं लॉक) जास्त बरं, सिम दुसऱ्याच्या हातात गेलं तरी ते जात नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तर हे कराच, कारण भारतातलं सिम रोमिंगवर कधी रुसेल सांगता येत नाही आणि मग स्वतःच्याच अकाउंटच्या दाराबाहेर बसायची वेळ येते. टू-स्टेप चालू केलं की गुगल दहा बॅकअप कोड देतं, आठ आकडी, ते फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, फोनच हरवला तर काय करणार, कागदावर छापा आणि कपाटात पासबुकाबरोबर ठेवा.

अजून एक गोष्ट, ही फार लोक बघत नाहीत. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स हे दोन टॅब बघा. कोणी एकदा आत येऊन गेलं असेल तर तो तिथे गुपचूप एक नियम लावून जातो, की बँकेचा मेल आला की मला पाठव आणि इथून उडव. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. तिथे तुम्ही न लावलेलं काही दिसलं तर काढा, आणि मग पासवर्ड बदला.

पासवर्डचं एकदाच बोलतो

पहिलं अक्षर कॅपिटल करून स्वतःचं नाहीतर मुलाचं नाव, मग ॲट, मग जन्मसाल. अख्खा महाराष्ट्र हा एकच पासवर्ड वापरतो असं माझं मत झालंय. त्याच्या पुढे उद्गारचिन्ह लावून काही फरक पडत नाही, ते सगळ्यांनाच सुचतं. लांबी वाढवा. एकमेकांशी काही संबंध नसलेले चारपाच शब्द, खिडकी भोपळा वकील स्कूटर असं काहीतरी, इंग्रजी अक्षरात टाईप करा, झाला पासवर्ड (हाच ठेवू नका म्हणजे झालं). अभंगाची किंवा गाण्याची ओळ नको, ती सगळ्यांना पाठ असते.

आणि जिथे तिथे तोच नको. कुठल्यातरी शॉपिंग साइटची माहिती फुटते, त्यातला ईमेल-पासवर्ड घेऊन चोर तोच जोड आपोआप शंभर ठिकाणी लावून बघतो. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने 2013 मध्ये सुरू केलेली हॅव आय बीन पॉन्ड नावाची साइट आहे, तिथे नुसता ईमेल टाकला की तो कुठल्या फुटलेल्या माहितीत सापडलाय ते दिसतं, पासवर्ड टाकावा लागत नाही. ईमेल जुना असेल तर बहुधा सापडतोच, घाबरू नका, त्या त्या साइटचा पासवर्ड बदला आणि तोच पासवर्ड जिथे जिथे ठेवलाय तिथलाही.

लक्षात कसे राहणार? राहत नाहीतच, राहायची गरजही नाही. क्रोममध्ये गुगलचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवून आपोआप भरणारी तिजोरी, असतो, वेगळा हवा असेल तर बिटवॉर्डन फुकट आहे. मॅनेजरचा खरा फायदा लोकांना माहीत नसतो: खोट्या साइटवर तो पासवर्ड भरतच नाही. आपल्या डोळ्याला पत्त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं दिसत नाही, त्याला दिसतं. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाहीये म्हटलं की तिथेच थांबायचं.

वयस्कर मंडळींनी डायरीत लिहिला तर चालेल का? माझ्या मते बिनधास्त चालेल, घरातल्या डायरीपर्यंत झारखंडातल्या चोराचा हात पोचत नाही. फक्त एटीएम आणि यूपीआयचा पिन तिथे लिहू नका आणि डायरी पिशवीत घालून बँकेत नेऊ नका. दर महिन्याला पासवर्ड बदलायची जी ऑफिसातली शिस्त असते ती घरी आणायची गरज नाही, अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनेच 2017 पासून सांगितलंय की ठराविक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय आला तर बदला. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस शेवटी एक, दोन, तीन लावत जातो.

सिम, म्हणजे ओटीपी

लोकलच्या दारातून फोन खेचून नेला तर चोराला तुमचं स्क्रीन लॉक उघडायची गरजच नसते. सिम काढतो, दुसऱ्या फोनात घालतो, ओटीपी यायला लागतात. यावर उपाय सिम पिन, फोनच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये सिम लॉक नावाने असतो. चालू केलं की फोन रिस्टार्ट झाल्यावर किंवा सिम दुसरीकडे घातल्यावर आधी पिन मागतो. चालू करताना जुना पिन विचारला जातो, तो कंपनीने ठरवलेला असतो, अंदाजाने ठोकू नका, कस्टमर केअरला विचारा, तीनदा चुकला की सिम लॉक होतं, ते उघडायला पीयूके नावाचा आठ आकडी कोड मागतं आणि मग दुकान गाठायची वेळ येते. त्याच बैठकीत लॉक स्क्रीनवर मेसेज वाचता येणार नाही असं सेटिंग करा. फोन टेबलावर उपडा न ठेवता सुलटा ठेवलाय आणि ओटीपी सगळ्या ऑफिसला दिसतोय हे मी रोज बघतो.

फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर लिहून ठेवा, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की येतो, डबल सिमवाल्याला दोन येतात. फोन गेलाच तर आधी कंपनीला फोन करून सिम बंद, मग बँक आणि यूपीआय, मग पोलिसात तक्रार आणि तिची प्रत घेऊन सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक. लोक उलटं करतात, दोन तास पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून राहतात आणि सिम तोपर्यंत चालूच.

संचार साथीवरच अजून एक कामाची गोष्ट आहे, आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसतं. नंबर आणि ओटीपी टाकायचा, यादी येते. एका माणसाच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात, आणि त्यात एखादा अनोळखी नंबर निघाला तर "हा माझा नाही" असं तिथल्या तिथे कळवता येतं. आईबाबांचंही बघा, गावातल्या दुकानात अंगठा दोनदा उमटवून घेऊन त्यांच्या नावावर दुसरंच सिम काढण्याचे प्रकार झालेले आहेत.

व्हॉट्सॲप

सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन टाका आणि सोबत ईमेल पण टाका, पिन विसरला आणि ईमेल नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. हे केलं की "ताई, माझा एक कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, सांगता का" या मेसेजला कोणी फसलं तरी अकाउंट लगेच जात नाही. तो मेसेज ओळखीच्या माणसाकडूनच येतो हे लक्षात घ्या, कारण त्याचं अकाउंट आधीच गेलेलं असतं. कोड मागणारा सख्खा भाऊ असला तरी आधी त्याला फोन लावायचा, साधा फोन, व्हॉट्सॲप कॉल नाही.

मग लिंक्ड डिव्हायसेस बघा. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडलं होतं ते तसंच चालू असलेलं मी एकदा नाही बऱ्याचदा पाहिलंय, दुकानदार भला असतो हो, पण त्या खुर्चीवर दिवसभरात किती जण बसतात. आणि प्रायव्हसीत ग्रुप्समध्ये "माय कॉन्टॅक्ट्स" करून ठेवा, म्हणजे शेअर मार्केटच्या टिपा देणाऱ्या ग्रुपमध्ये कोणीही परस्पर ओढून घेणार नाही. त्या ग्रुपमध्ये "सर, आजचा प्रॉफिट मिळाला, थँक्यू" म्हणणारे सगळे त्यांचीच माणसं असतात.

आता एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाईल. हे जरा सविस्तर सांगतो कारण सध्या सगळ्यात जास्त लोक इथे सापडतात. व्हॉट्सॲपवर एक फाईल येते, नाव असतं आरटीओ चलान, नाहीतर लग्नपत्रिका, नाहीतर पीएम किसान, आणि शेवटी डॉट एपीके. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असतो, व्हिडिओ असतो, ॲप कधीच नसते, मग ती कितीही जवळच्या नातेवाईकाने पाठवलेली असो. ती फाईल उघडली की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का, आपण हो म्हणतो, मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत तेही देतो, आणि तिथून पुढे बँकेचे ओटीपी आपल्याआधी त्याला कळतात. काहींचा आयकॉनसुद्धा दिसत नाही, लपून बसतात, आणि तीच फाईल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपमध्ये जाते.

सेटिंगमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर सगळ्यांसमोर बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारी सोय, चालू आहे ना ते बघा, आणि कोणी "ते जरा बंद करा, मग ॲप चालेल" म्हणाला तर तो चोर आहे, बास. ॲप टाकून झालंच असेल तर लगेच डेटा-वायफाय बंद, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा, मग ॲप काढा. काढताच येत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाईस ॲडमिन या दोन ठिकाणी त्याला दिलेली परवानगी बंद करा, मग निघतं. तरी मी म्हणेन की फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करा, त्याने अजून काय काय टाकून ठेवलंय हे घरी बसून कळत नाही. चलान खरंच आहे का बघायचं असेल तर परिवहनची ई-चलान साइट स्वतः टाईप करून गाडीचा नंबर टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

लिंकचंही तेच. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच्या वेळी खोट्या साइटचं पीक आलं होतं. महाराष्ट्र सरकारच्या योजनेची साइट असेल तर पत्ता महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन असा संपतो, मधे कुठेतरी महाराष्ट्र लिहिलेलं असून भागत नाही, शेवट बघायचा. बँकांना रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन हा शेवट वापरायला सांगितलाय, 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत होती, तोही बघायची सवय लावा. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र आहे म्हणजे साइट खरी हे डोक्यातून काढा, कुलूप चोरालाही फुकट मिळतं.

फोन आला की

"आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कापली जाणार, या नंबरवर संपर्क करा", असा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येतो. महावितरण असं काही एखाद्या साहेबाच्या खाजगी मोबाईलवरून कळवत नाही. शंका असेल तर महावितरणचं ॲप उघडून बिल बघा नाहीतर 1912 ला विचारा.

डिजिटल अरेस्टवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटी अटक दाखवून पैसे उकळण्यावर, एवढं लिहून आलंय, स्वतः पंतप्रधान 27 ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमध्ये बोलले, फोनच्या कॉलर ट्यूनने तर डोकं उठवलं होतं, तरी लोक सापडतात आणि सापडणारे अडाणी नसतात, निवृत्त अधिकारी असतात, प्राध्यापक असतात. कारण समोरचा तुम्हाला विचार करू देत नाही. व्हिडिओवर खाकी कपडे, मागे कुठल्यातरी चौकीसारखी भिंत, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, खोली बंद करा, घरात कोणाला सांगू नका, कॅमेरा बंद करायचा नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूदच आपल्या कायद्यात नाही. "कोणाला सांगू नका" हे वाक्य आलं की फोन कट करून पहिलं काम कोणालातरी सांगायचं.

यातून मी घरच्यांसाठी एकच नियम केलाय. आलेल्या फोनवर पैशाचं काही बोलायचं नाही, ठेवायचा, आणि आपण स्वतः लावायचा, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरला. गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधायचा नाही, तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. बँकांना आता फोन करायला 1600 पासून सुरू होणारे नंबर दिलेत, साध्या मोबाईल नंबरवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका, बँक कुठली हेही विचारू नका. "तुमचा मुलगा पकडलाय" असा फोन आला आणि मागून रडण्याचा आवाज अगदी पोराचाच वाटला तरी हेच करायचं, आवाज हल्ली बनवता येतो, मुलाला त्याच्या नंबरवर लावा. आमच्याकडे त्यासाठी एक घरगुती परवलीचा शब्द ठरलाय. काकूंना तो एवढा आवडला की भाजी आणायला पाठवतानाही विचारतात.

स्क्रीन शेअर कोणालाही द्यायचा नाही. दुसऱ्याला आपली स्क्रीन दाखवणारं एनीडेस्क ॲप तर सगळ्यांना माहीत झालंय पण व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलमध्येसुद्धा स्क्रीन शेअर असतो, त्यात आलेला ओटीपी समोरच्याला वाचता येतो. पोरं बंगलोर-अमेरिकेत आणि आईबाबा सांगलीत असतील तर पोरांनी ही सगळी सेटिंग स्क्रीन शेअर करूनच करून द्यावीत, पण तेव्हाच बजावून ठेवा की माझ्याशिवाय कोणाला हे बटण दाबून द्यायचं नाही.

यूपीआय आणि कार्ड

पिन फक्त पैसे जाताना लागतो. येताना ना पिन, ना क्यूआर, ना काही. जुना सोफा विकायला टाकलात आणि घेणारा "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला तर सोफा ठेवा घरातच. माणसामाणसातल्या पैसे मागायच्या रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केल्यात, क्यूआरची थाप मात्र अजून चालते.

यूपीआयला एक वेगळं खातं जोडा, त्यात महिन्याच्या किराणा-रिक्षापुरते पैसे ठेवा, पगाराचं आणि एफडीवालं खातं यूपीआयला जोडूच नका. हे एवढं एक केलं तरी वाईटात वाईट दिवशीही घर चालतं. कार्डचं सांगायचं तर बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाईन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं हे तिन्ही वेगवेगळं चालू-बंद करता येतं, परदेशी बंदच ठेवा, आणि टॅपने पाच हजारापर्यंत पिनशिवाय पैसे जातात हे लक्षात ठेवून ते हवंय का ठरवा.

आधार आणि झेरॉक्सचं दुकान

लॉजवर, भाड्याच्या घराला, कुठेही सरसकट आधार देतो आपण. मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ओळख दाखवायला बहुतेक ठिकाणी ते पुरतं. कागदाची प्रत द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी आणि तारीख, सही अक्षरांवरून गेली पाहिजे.

झेरॉक्सच्या दुकानात आपण व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतो, प्रिंट घेतो आणि "डिलीट फॉर एव्हरीवन" करून निश्चिंत होतो. चॅटमधून गेली, पण त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ती आहेच, शेजारी अजून दोनशे लोकांचे पॅन, आधार, सातबारा. समोर उभं राहून सांगायचं, दादा ती फाईल शिफ्ट डिलीट करा. गर्दीच्या वेळी ते वैतागतात, वैतागू द्या.

अंगठ्याचं बघा. आधारला जोडलेल्या खात्यातून गावातल्या मायक्रो एटीएमवर (बँकेच्या एजंटकडचं छोटं मशिन) नुसत्या अंगठ्याने पैसे निघतात, ओटीपी नाही काही नाही, आणि काही राज्यांत नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्याचे रबरी अंगठे बनवून खाती रिकामी केलेली आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याचं कुलूप आहे, फुकट आहे, लावून ठेवा. फक्त मग रेशनच्या दुकानात किंवा नोव्हेंबरमध्ये पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा चालणार नाही, रांगेत उभं राहायच्या आधी ॲपमधून थोडा वेळ उघडायचा. हे आजोबांना आधीच सांगा, नाहीतर मशिन खराब आहे म्हणून तिथे भांडण ठरलेलं.

कॉम्प्युटर

इथे थोडक्यात. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, घरच्यांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत होती, त्यासाठी नोंदणी करावी लागते. मशिन विंडोज 11 ला चालत असेल तर करून टाका, चालत नसेल आणि फक्त ब्राउझर-यूट्यूबच वापरायचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा, जुन्या मशिनवर छान पळतं. क्रॅक केलेलं ऑफिस, फोटोशॉप घेऊ नका, ते टाकताना पहिली सूचनाच असते की अँटिव्हायरस बंद करा. स्वतःच बंद करताय, मग तो विकत कशाला घेताय.

ब्राउझरवर अचानक पूर्ण स्क्रीन लाल होऊन भोंगा वाजायला लागला आणि "कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा" आलं तर ते नुसतं एक वेबपेज आहे. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोअर करू नका. उजव्या कोपऱ्यात सारखं "व्हायरस सापडला" येत असेल तर तो व्हायरस नाही, कुठल्यातरी साइटला तुम्ही नोटिफिकेशनसाठी अलाव दाबलंय, क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कॉपी झाली की वायर काढून ठेवायची. लावूनच ठेवलेली डिस्क फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या तावडीतही सापडते.

तरी पैसे गेलेच तर

रडारड नंतर, आधी 1930. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, पैसे चोराच्या खात्यातून पुढे जायच्या आत तिथे कळलं तर ते अडवता येतात, त्यामुळे पहिला तास-दोन तास लाखमोलाचे. हाताशी ठेवायचं ते म्हणजे किती वाजता, किती रक्कम, कुठल्या खात्यातून आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर, यूपीआयला तो बारा आकडी असतो. लाईन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर ऑनलाईन तक्रार. स्क्रीनशॉट काढा, चॅट डिलीट करू नका, लाज वाटते म्हणून लोक पहिलं ते करतात. घरातल्यांनी त्या क्षणी "एवढं कसं कळलं नाही" हे वाक्य गिळावं, ओरडा बसेल म्हणून दोन दिवस लपवून ठेवलं की पैसे गेलेच.

बँकेत त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, भलतीकडेच गडबड झालीये, आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत सांगितलंत तर तुमच्यावर बोजा शून्य. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेलं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, म्हणून "गेले ते गेले" म्हणून गप्प बसण्यात काही अर्थ नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही.

आणि तक्रार केल्यावर आठपंधरा दिवसांत एक फोन येऊ शकतो, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा". तुमचा नंबर, रक्कम, बँक सगळं त्याला माहीत असतं, कारण ते पहिल्याच टोळीने त्याला दिलेलं असतं. तक्रार नंबर विचारा, फोन ठेवा, आणि जिथे तक्रार दिली त्या पोलीस स्टेशनला स्वतः जाऊन विचारा.